'एकसर', 'समांतर' आणि 'ओवणे' : विद्युत्‌मापकांच्या जोडणीची मराठी

मराठीतील शास्त्रीय परिभाषेची चिकित्सा बहुधा व्युत्पत्तीच्या अंगाने होत आली आहे. संज्ञा संस्कृतातून शुद्ध रीतीने साधली आहे काय, ती उच्चारावयास सुकर आहे काय, हिंदीतील संज्ञेशी तिचा मेळ बसतो काय, एवढे प्रश्न विचारून निर्णय दिला जातो. संज्ञा ऐकल्यावर ऐकणाऱ्याचा हात कोणती कृती करील, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तत्त्वज्ञानाच्या वा अर्थशास्त्राच्या परिभाषेस तो विचारण्याचे कारणही नाही. परंतु काही विषय असे आहेत की ज्यांत वाक्य समजणे म्हणजे कृती बिनचूक होणे, याहून निराळे काही नसते. विद्युत्‌मंडलात मापके कशी जोडावीत, हा त्यांपैकी एक. या विषयापुरती मराठीची कामगिरी कशी आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार केवळ कोशांच्या आधारे करण्यापेक्षा पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात करणे अधिक उचित होईल. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथील माळरानांवर कारखान्यांची दाट वस्ती उभी राहिली. गेल्या शतकाच्या अखेरीपासून तीच वस्ती इंद्रायणी ओलांडून चाकणच्या परिसरात पसरली. या पट्ट्यात वीज जोडणारा, तपासणारा व दुरुस्त करणारा जो वर्ग आहे, त्याची घडण सामान्यतः ठरलेल्या वाटेने होते. शाळेत मराठी पाठ्यपुस्तक, नंतर औंध वा मोरवाडी येथल्यासारख्या एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे, नंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी. कोणी बीड-लातूरकडून आलेला असतो, कोणी खानदेशातून, कोणी खेड-जुन्नरच्या गावांतून रोज ये-जा करणारा. या वाटेवर त्याला एकाच क्रियेसाठी तीन मराठी भाषा भेटतात.

पहिली शालेय पुस्तकांची. तीत 'विद्युतधारा', 'विभवांतर', 'परिपथ', 'एकसर जोडणी' आणि 'समांतर जोडणी' असे शब्द आहेत. दुसरी मराठी विश्वकोशाची. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईस सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. तीत 'विद्युत् प्रवाह', 'मंडल', 'वर्चस्', आणि जोडणीच्या संदर्भात 'एकसरी' व 'अनेकसरी' हे शब्द आढळतात. तिसरी कारखान्यातील बोलीची. तीत 'करंट', 'व्होल्टेज', 'सप्लाय', 'सिरीज', 'पॅरलल'. उत्तरेकडून आलेल्या सहकाऱ्याच्या तोंडून 'श्रेणी' हा हिंदी शब्दही कानी पडतो. त्याची गणना येथे केलेली नाही.

अ‍ॅमीटर नेहमी एकसर जोडावा, व्होल्टमीटर नेहमी समांतर जोडावा, हे नियमवाक्य या वर्गातील प्रत्येकास मुखोद्गत असते. तोंडी परीक्षेत ते विचारले जाते आणि बिनचूक सांगितलेही जाते. वाक्याची घडण मोठी समतोल आहे : दोन कर्ते, दोन क्रियाविशेषणे, एकच क्रियापद. दोष या समतोलातच आहे. वाक्याचे दोन्ही खंड इतके सारखे आहेत की ते मोडल्याने होणाऱ्या चुकाही सारख्याच असाव्यात, असा समज वाचकाच्या मनात नकळत रुजतो.

वस्तुस्थिती अशी. मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक दिवा लावलेला आहे असे धरावे. शून्य ते पाच अँपिअर मोजणारा, ०.१ ओहम अंतर्गत रोधाचा अ‍ॅमीटर दिव्याच्या मंडलात न घालता चुकून बॅटरीच्या दोन टोकांना लावला, तर ओहमच्या नियमाने हिशेब १२० अँपिअरचा होतो. बॅटरीचा व तारांचा रोध जमेस धरला तरी आकडा नव्वदीच्या घरात राहतो. पाच अँपिअरच्या मापकाची गती काय होईल हे सांगावयास नको. आता उलट चूक पाहावी. दहा हजार ओहम रोधाचा व्होल्टमीटर दिव्याच्या मंडलात मध्येच घातला. काही जळत नाही, ठिणगी उडत नाही. प्रवाह १.२ मिलिअँपिअरवर येतो, दिवा विझतो, आणि काटा मात्र निर्विकारपणे जवळजवळ १२ व्होल्ट दाखवीत राहतो. म्हणजे दिव्याच्या टोकांना दाब जवळजवळ शून्य असताना मापक पूर्ण दाब सांगत असतो. पहिली चूक जाळते, दुसरी फसविते. पहिलीचा धूर सर्वांना दिसतो. दुसरी मात्र नोंदवहीत आकडा होऊन बसते, आणि तो आकडा दिसावयास अपेक्षित आकड्यासारखाच असल्यामुळे कोणास खटकतही नाही. नियमवाक्याच्या समतोल घडणीत या भेदाचा मागमूस नाही.

आता शब्दांकडे वळावे. 'समांतर' हा शब्द मराठीत भूमितीतून येतो आणि शाळकरी मुलाच्या मनात तो भूमितीचाच राहतो. समांतर रेषा म्हणजे कितीही वाढविल्या तरी एकमेकींस न मिळणाऱ्या रेषा, ही व्याख्या त्याने आधीच पाठ केलेली असते. विजेच्या संदर्भात तर शाखा दोन्ही टोकांस एकमेकींना मिळाल्याच पाहिजेत. त्या न मिळाल्या तर जोडणीच झाली नाही. ज्या शब्दाचा परिचित अर्थ अपेक्षित अर्थाच्या नेमका विरुद्ध आहे, असे दुसरे उदाहरण शालेय परिभाषेत शोधून काढणे कठीण. हा दोष मूळचा मराठीचा नाही. इंग्रजी 'पॅरलल'मध्ये तो आहेच आणि भाषांतराबरोबर तो इकडे आला. हिंदीतील 'पार्श्वक्रम' या जुन्या शब्दात तो नव्हता. परंतु इंग्रज मुलाला चुकीचा शब्द वारसाहक्काने मिळाला, मराठी मुलाला तो निवडून दिला गेला, हा फरक उरतोच.

पाठ्यपुस्तकातील आकृती हा दोष झाकून टाकते. तीत रोधाची नागमोडी रेघ आणि तिच्या माथ्यावर व्होल्टमीटरचे वर्तुळ, दोन्ही पट्टीने आखलेली, खरोखरच समांतर असतात. भोसरीतील एखाद्या लहान कारखान्याचे कंट्रोल पॅनेल उघडून पाहिले म्हणजे आकृतीचा हा आधार नाहीसा होतो. तेथे प्लास्टिकच्या डक्टमधून पन्नास-साठ तारा एकमेकींना अगदी चिकटून, भूमितीच्या काटेकोर अर्थाने समांतर धावत असतात, आणि विजेच्या अर्थाने त्यांतील बहुतेक समांतर नसतात. उलट ज्या दोन शाखा खऱ्या अर्थाने समांतर आहेत, त्यांतील एक पॅनेलमध्ये आणि दुसरी चाळीस फुटांवरील यंत्रावर असू शकते. आकृतीत नियम ओळखणारा उमेदवार येथे गोंधळतो, यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. त्याने शब्दावर विश्वास ठेवला, एवढेच.

'एकसर' या शब्दाची गोष्ट निराळी आहे. हा अस्सल मराठी शब्द आहे आणि त्यात एक चित्र आहे. सर म्हणजे माळेची ओळ. एकाच दोऱ्यात मणी ओवले की एकसर झाली. दिवाळीत दारावर लावावयाच्या जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या तोरणाला घरोघर 'माळ' म्हणतात, आणि तीतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते हे लहान मुलालाही ठाऊक असते. सहा व्होल्टचे चाळीसएक दिवे एका सरीत ओवून २३० व्होल्टवर लावावयाचे, हा हिशेब न शिकताही त्या माळेने एकसर जोडणी घरात आणून पोहोचविलेली आहे. 'एकसर' हा शब्द उच्चारताच हा सारा अनुभव हाताशी येतो. शालेय पुस्तकांनी हा शब्द राखला, ही त्यांची मोठीच जमेची बाजू. मात्र त्याच्या शेजारी 'समांतर' बसविताना त्यांनी चित्र अर्ध्यावर सोडले. दागिन्याच्या भाषेने आरंभ करून भूमितीच्या भाषेत शेवट केला.

विश्वकोशाने ते चित्र पुरे केले आहे. 'एकसरी'च्या जोडीला 'अनेकसरी'. अनेक सरांची माळ डोळ्यांपुढे आणावी : सर निरनिराळे असतात, पण मानेमागे दोन्ही बाजूंस ते एकेका कडीत मिळतात. विद्युत्‌दृष्ट्या समांतर जोडणीची व्याख्या हीच होय. दोन समाईक कड्या, आणि त्यांच्या दरम्यान कितीही शाखा. सर लांब असो की आखूड, तो लोंबो की वळो, कड्या समाईक असल्या की पुरे. पॅनेलमधील तारांच्या गर्दीतही ही कसोटी लावता येते, कारण ती दिशेबद्दल काही बोलतच नाही. टोके कोठे मिळतात एवढेच ती विचारते. संज्ञा म्हणून 'अनेकसरी'चे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे.

तथापि ती कारखान्यात गेली नाही, आणि त्याचे कारण केवळ इंग्रजीचा मोह असे म्हणून भागणार नाही. 'एकसरी' आणि 'अनेकसरी' हे शब्द कानास फार सारखे लागतात. प्रेस यंत्रांच्या गोंगाटात पहिले अक्षर ऐकू न आले की विरुद्धार्थी सूचना एकच होऊन जाते. 'सिरीज' आणि 'पॅरलल' यांत तो धोका नाही. ज्या कोशकारांनी शब्द घडविला त्यांनी तो वाचला जाईल असे गृहीत धरले होते. तो ओरडून सांगितला जाईल याचा विचार झाला नाही. शिवाय कारखान्यात 'सिरीज' हा शब्द परका राहिलेलाही नाही. बिघडलेली इस्त्री किंवा मोटर तपासावयाच्या 'सिरीज बोर्ड'वर प्रत्येक वायरमन हात बसवितो. संशयित वस्तूच्या मार्गात एक दिवा घातलेला असतो. वस्तू आतून भिडलेली असली की दिवा पूर्ण तेजाने पेटतो, फ्यूज मात्र शाबूत राहते. जो शब्द रोज वापरातल्या लाकडी फळीचे नाव होऊन बसला, त्याला हुसकून लावण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

नामांविषयीचा हा वाद येथेच थांबविता येईल, कारण खरी उणीव नामांत नसून क्रियापदात आहे. नियमवाक्यात दोन्ही मापकांना 'जोडणे' हे एकच क्रियापद लावलेले आहे. प्रत्यक्षात होणाऱ्या कृती दोन आहेत आणि त्या परस्परांहून अगदी भिन्न आहेत. अ‍ॅमीटर बसवावयाचा तर चालू मार्ग आधी बंद करावा लागतो, तार सोडवावी लागते, तुटलेल्या जागी मापकाची दोन टोके द्यावी लागतात. व्होल्टमीटरसाठी काहीही सोडवावे लागत नाही. मंडल जसे आहे तसे राहते आणि दोन बिंदूंना दोन टोके टेकविली की काम होते. एकाच 'जोडणे'खाली तोडणे आणि स्पर्श करणे या दोन्ही कृती झाकल्या गेल्या आहेत.

मराठीजवळ या भेदासाठी शब्द नाहीत असे कोणी म्हणू नये. अ‍ॅमीटर मार्गात 'ओवावा' आणि व्होल्टमीटर टोकांना 'टेकवावा' किंवा 'लावावा', एवढे म्हटले की 'एकसर' व 'समांतर' न उच्चारताही कृती बिनचूक होते. 'ओवणे' हे क्रियापद 'एकसर'च्याच कुळातले आहे. ज्या छंदाला ओवी म्हणतात त्याचे नावही या क्रियेशी जोडले जाते. पिंपरीहून चाकणकडे जाताना आळंदी फार दूर राहत नाही, हे लक्षात घेता ते या पट्ट्यास परके ठरू नये. येथे एक आक्षेप येईल. मणी ओवताना दोरा तुटत नाही. अ‍ॅमीटर घालताना तार तोडावी लागते. आक्षेप खरा आहे, पण त्याने प्रतिमा अधिकच स्पष्ट होते. येथे दोरा म्हणजे तार नव्हे, प्रवाह होय. तार तुटते ती प्रवाहाला मापकाच्या पोटातून जाता यावे म्हणून. प्रवाह मात्र अखंड राहिला पाहिजे.

टाँग टेस्टर किंवा क्लॅम्प मीटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापकात तर हा शब्द अक्षरशः खरा ठरतो. त्याच्या कंकणातून तारच ओवली जाते, तोडावी लागत नाही. प्रवाह फार लहान असेल तर तार कंकणातून दोनदा ओवतात. वाचन दुप्पट येते, त्याला दोनाने भागावयाचे. आणि फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम ओवल्या तर वाचन शून्य येते, कारण दोन्हींतील प्रवाह विरुद्ध दिशांना असतात. हे तिन्ही नियम 'ओवणे' या एका शब्दाभोवती सहज सांगता येतात. 'जोडणे' या शब्दाने त्यांतला एकही सांगता येत नाही.

कारखान्यातील बोलीने याबाबतीत काय केले आहे, हे पाहणे उद्बोधक आहे. तेथे मोटर करंट 'घेते' आणि मोटरला व्होल्टेज 'येते'. क्रियापदे निराळी ठेवण्याची सूक्ष्म जाणीव बोलीला आहे, पुस्तकाला नाही, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. तथापि दोन्ही क्रियापदे सदोष आहेत. 'घेणे' या शब्दात वस्तू संपण्याची सूचना आहे. मोटरच्या अलीकडे प्रवाह अधिक आणि पलीकडे कमी असावा, असा गैरसमज त्यातून उद्भवतो. एकेरी मार्गात अ‍ॅमीटर अलीकडे ओवला काय आणि पलीकडे ओवला काय, वाचन एकच येते, हे सांगूनही पटत नाही ते यामुळे. 'येणे'चा दोष याहून घातक आहे. व्होल्टेज एका ठिकाणी येऊन पोहोचणारी गोष्ट आहे असे त्यातून ध्वनित होते, आणि निऑन दिव्याचा टेस्टर त्या समजास पुष्टी देतो, कारण तो एकाच टोकाला टेकवावयाचा असतो. त्याचे दुसरे टोक म्हणजे धरणाऱ्याचे शरीर, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. न्यूट्रल तुटलेली असताना टेस्टर पेटतो, 'सप्लाय आहे' असा निर्णय होतो, आणि यंत्र का चालत नाही याचा शोध भलतीकडे सुरू होतो. दोन टोकांना व्होल्टमीटर टेकवून पाहिला असता तर एका क्षणात उलगडा झाला असता.

यातून निष्पन्न होते ते असे की मापकाच्या जोडणीचा नियम मापकाच्या नावाशी बांधण्याऐवजी मोजावयाच्या राशीच्या वाक्यरूपाशी बांधावयास हवा. दिव्या'तून' जाणारा प्रवाह. दिव्याच्या 'दोन टोकांमधील' दाब. यांतील पहिला प्रत्ययांश सांगतो की मापकही त्या 'तून'च्या वाटेवर असला पाहिजे. दुसरी शब्दयोजना सांगते की मापकाला दोन टोके हवीत आणि ती कोणाची, हेही सांगते. नियम निराळा पाठ करण्याची आवश्यकता राहत नाही. तो मराठीच्या व्याकरणातच दडलेला आहे. पाठ्यपुस्तके राशींची व्याख्या करताना हीच शब्दयोजना वापरतात, आणि प्रयोगाच्या सूचनेपर्यंत पोहोचताच ती टाकून देऊन 'एकसर-समांतर'चा आश्रय घेतात. व्याख्येचे पान आणि प्रयोगाचे पान यांच्यामध्ये कोठेतरी भाषा बदलते, आणि विद्यार्थी त्या फटीत सापडतो.

पदव्युत्तर वर्गासही हा विषय प्राथमिक वाटू नये, कारण 'समांतर' हा शब्द एक प्रश्न अनुत्तरित ठेवतो : कशाला समांतर? अ‍ॅमीटर व व्होल्टमीटर दोन्ही वापरून रोध मोजावयाचा असेल, तर व्होल्टमीटर केवळ रोधाच्या टोकांना लावता येतो, किंवा रोध व अ‍ॅमीटर या दोहोंना मिळून लावता येतो. दोन्ही जोडण्या 'समांतर'च आहेत, दोन्ही नियमवाक्यास धरूनच आहेत, आणि उत्तरे निराळी येतात. अ‍ॅमीटरचा रोध ०.१ ओहम व व्होल्टमीटरचा १०,००० ओहम असेल, तर एक ओहमचा रोध दुसऱ्या जोडणीने १.१ ओहम दिसतो, म्हणजे दहा टक्के चूक. पहिल्या जोडणीत चूक एक शतांश टक्का एवढीच राहते. उलट १०,००० ओहमचा रोध पहिल्या जोडणीने ५,००० ओहम दिसतो, आणि दुसऱ्या जोडणीने जवळजवळ अचूक येतो. कोणती जोडणी केव्हा घ्यावी याची सीमा दोन्ही मापकांच्या रोधांच्या गुणाकाराच्या वर्गमुळापाशी असते. या उदाहरणात ती सुमारे ३२ ओहम. 'कोणाच्या टोकांमधील' हा प्रश्न विचारावयास शिकविणारी भाषा या निर्णयाकडे विद्यार्थ्यास आपोआप आणते. 'समांतर' त्याला निर्णय झाल्याच्या समाधानात ठेवते.

मापक मंडलाला बदलून टाकतो, हे तत्त्वही याच प्रश्नातून पुढे येते. एक लाख ओहमचे दोन रोध १२ व्होल्टवर एकसर लावले, तर प्रत्येकाच्या टोकांना सहा व्होल्ट असावयास हवेत. दहा हजार ओहमचा जुना काट्याचा व्होल्टमीटर त्यांतील एकाला लावताच तो सुमारे एक व्होल्ट दाखवितो. तो खोटे बोलत नाही. त्याने लावून घेतल्यामुळे तेथे खरोखरच एक व्होल्ट उरलेला असतो. एक कोटी ओहमचा अंकीय मापक ५.९७ दाखवितो. जोडणी दोन्ही वेळा 'बरोबर'च होती.

चाकण भागातील मोटारींच्या धंद्यात या विवेकाची कसोटी सर्वांत कडक लागते ती वायर हार्नेसमधील क्रिंप केलेल्या सांध्यापाशी. त्या सांध्याचा रोध एक मिलिओहमच्या आसपास असावयाचा. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे १७ मिलिओहम असतो. म्हणजे मापकाच्या मीटरभर लांबीच्या दोन ताराच ३४ मिलिओहम भरतात आणि सांधा त्यांत हरवून जातो. यावरील उपाय केल्व्हिनचा : प्रवाह नेणाऱ्या दोन तारा बाहेरून, आणि दाब मोजणाऱ्या दोन तारा त्यांच्या आत, थेट सांध्याच्या टोकांशी. येथे 'तून' आणि 'दोन टोकांमधील' ही दोन्ही पदे तारांच्या दोन निराळ्या जोड्या होऊन समोर उभी राहतात. चार तारांची ही पद्धत 'एकसर-समांतर'च्या भाषेत समजावून सांगण्याचा प्रयत्न करून पाहावा. दोन वाक्यांत ती भाषा अडखळते.

बहुमापकाने, म्हणजे मल्टिमीटरने, हा प्रश्न पुन्हा एका नव्या रूपात उभा केला आहे. एकच उपकरण सकाळी ओवावयाचे असते आणि दुपारी टेकवावयाचे. त्याचे रूप बदलते ते लाल तार कोणत्या सॉकेटमध्ये आहे यावरून. दहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये तार तशीच राहिली आणि चकती 'व्होल्ट'वर फिरविली, तरी उपकरण आतून जवळजवळ एक कोरी तारच असते. ते ४१५ व्होल्टच्या बसबारना टेकविले, तर आतील फ्यूज योग्य क्षमतेची नसल्यास भडका उडतो व हात भाजतो. वापरणाऱ्याने नियमवाक्याचे तंतोतंत पालन केलेले असते. व्होल्ट मोजावयाचे होते, समांतर लावले. 'व्होल्टमीटर' हे नाव उपकरणाचे आहे असे नियमवाक्य मानते. वस्तुतः ते त्या क्षणीच्या जोडणीचे नाव आहे.

राहता राहिला प्रवाहरोहित्राचा, म्हणजे सी.टी.चा प्रश्न. मोठ्या कारखान्यात शेकडो अँपिअरचा मार्ग तोडून मापक ओवणे शक्य नसते. म्हणून तारेभोवती कंकण बसवून, शंभराचे पाच या प्रमाणात, धाकटा प्रवाह मापकाकडे नेतात. मुख्य तारेत ८० अँपिअर असले की मापकातून चार जातात. येथे आतापर्यंत शिकलेला सर्व क्रम उलटतो. साध्या मंडलात अ‍ॅमीटर काढावयाचा तर मार्ग उघडणे हीच पहिली पायरी. सी.टी.च्या दुय्यम मार्गात मात्र मुख्य प्रवाह चालू असताना तो मार्ग क्षणभरही उघडता कामा नये. उघडल्यास चुंबकीय गाभा संपृक्त होतो आणि मोकळ्या टोकांवर शेकडो, प्रसंगी हजारो व्होल्टचे झटके उत्पन्न होतात. मापक काढण्यापूर्वी ती दोन टोके एकमेकांना भिडवावी लागतात, आणि त्यासाठी पॅनेलमध्ये निराळी पट्टीही ठेवलेली असते.

या सूचनेची मराठी हा मोठा नाजूक विषय आहे. कारखान्यात तिचे रूप 'आधी सी.टी. शॉर्ट कर' असे असते. परंतु त्याच बोलीत 'शॉर्ट' हा शब्द अपघाताचा वाचक आहे. 'शॉर्ट झालं' म्हणजे काहीतरी जळाले. ज्या उमेदवाराने दोन वर्षे 'शॉर्ट' टाळण्याचे शिक्षण घेतले, त्याला तेच करावयास सांगितले की त्याचा हात थबकतो, आणि थबकून तो आपल्या परिचयाची सुरक्षित वाटणारी गोष्ट करतो : तार सोडवितो. ग्रांथिक मराठीतील 'मंडलसंक्षेप' हा शब्द येथे उपयोगी नाही, कारण तोही दोषाचेच नाव आहे. भारदस्त शब्दाने अर्थ बदलत नाही. 'टोके भिडव, मग मापक काढ' ही साधी सूचना दोहोंपेक्षा सरस आहे. 'भिडविणे' यात हेतू आहे, अपघात नाही. आणि 'मग' या अव्ययाने क्रमही सांगितला आहे. प्रशिक्षणाच्या पुस्तकांत ही सूचना इतर दहा सूचनांच्या रांगेत, त्याच आज्ञार्थी स्वरात येते; ती पूर्वीच्या नियमाला अपवाद आहे असे वाचकास बजावलेले नसते.

सी.टी.ची टोके उलट लागण्याची चूक मनुष्यास इजा करीत नाही, म्हणून तिच्याकडे कमी लक्ष दिले जाते. तीन फेजच्या ऊर्जामापकात तीनपैकी एका सी.टी.ची टोके उलट लागली आणि भार तिन्ही फेजांवर सारखा असला, तर दोन फेजांची बेरीज व एकीची वजाबाकी होऊन मापक खऱ्या वापराच्या एक-तृतीयांशच नोंद करतो. चकती फिरत असते, अंक पुढे सरकत असतात, ओवणे व टेकविणे दोन्ही यथास्थित झालेले असते. चुकलेली असते ती दिशा. दिशेसाठी 'एकसर', 'समांतर', 'ओवणे', 'टेकविणे' यांतील एकाही शब्दापाशी काही नाही. माळेतील मणी उलटा ओवला तरी माळ तशीच दिसते. येथे प्रतिमेचा उपयोग संपतो आणि टोकांवर कोरलेली अक्षरे वाचण्याचे काम सुरू होते.